झुंबरअक्काचा शिपाई

...तर फोटोची काच निघाली आणि सत्तारभाईचा हात जागीच थांबला, इथवर काल आलो होतो. काच काढली कशाला, तर तिला बुरशी चढलेली आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आलेली. त्या दिवशी आपल्या खानदेशात पितरं जेवायला येतात. निखाऱ्यावर त्यांच्या नावाने घास टाकायचा, त्याला आगारी म्हणतात. झुंबरअक्काकडे आगारीच्या आधी फोटोतल्या शिपायाला गंध लागतं. हा शिपाई म्हणजे तिचा सासरा, तोताराम. लढाईवर गेला तो परतलाच नाही. घरी आलं ते हे फोटोचं कार्ड. जुन्या रणांगणातले ढासळलेले खंदक, आणि त्यांत फेटेवाले जवान संगिनी रोखून सराव करताहेत. "डावीकडून तिसरा," म्हणून सासूने बोट दाखवलं. सासू गेली, पण अक्काने गंध कधी चुकवलं नाही. ऐंशी ओलांडली तरी कपाशीत निंदायला जाणारी बाई ती, तिचं काय चुकणार?

फ्रेम बसवण्यात अख्ख्या एरंडोलात सत्तारचा हात धरणारा कोणी नाही. पण गडी नादिष्ट! लष्करी फोटोंची जुनी कार्डं जमवतो. बायको हुस्नबानो म्हणते, "घरात पलटण उतरवलीय, आता चहा कोण पाजणार?" म्हणून तर हात थांबला. हेच खंदक, हाच तिसरा जवान त्याच्या पेटीत होता. कार्ड छापील, छावणीच्या दुकानात कोणालाही मिळणारं. तोताराम त्यात बहुधा नव्हताच.

गप्प बसला असता तर कोण विचारणार होतं? पण ठाऊक असून नवी काच बसवणं सत्तारला जमेना. अक्काचं आणि पेटीतलं अशी दोन्ही कार्डं घेऊन तो तिच्या ओट्यावर गेला, शेजारी-शेजारी मांडली आणि चाचरत म्हणाला, "अक्का, तुझे सासरे यात नसतील गं. हे विकतचं कार्ड आहे, माझ्याकडे पण हेच."

अक्काने एक कार्ड डोळ्यांशी नेलं, मग दुसरं. तिसऱ्या जवानावरून अंगठा फिरवला, हळूहळू बाकीच्यांवरूनही. सत्तार मान खाली घालून बसलेला; आता म्हातारी रडते की काय, याच धास्तीत. अक्काने पदर सावरला आणि त्याच्याकडे डोळे वटारले.

"नही ते नही, बा. आते एकलाले नही, ह्या बठ्ठासले गंध लावसू. पन सत्तार, तुना घरबी ह्याच पोरे, नि इतला वरीस त्यासले उपाशी ठेवं रे तू?"