ताडपत्रीखालचं वजन

"माल कमी दिसतोय. अजून एक बाई टाक."

वजनकाट्यावरच्या माणसाने खिडकीतून मान बाहेर काढून मुकादमाला हे सांगितलं. टाक म्हणाला. बसव नाही, चढव नाही. टाक.

मी कचऱ्याच्या गाडीला टेकून उभी होते. हातात पंजा होता, कचरा ओढायचा, लोखंडी दातांचा. मुकादमाने आधी माझ्याकडे बघितलं, मग शेवंतामावशीकडे. दोघींत जाड कोण ते तो बघत होता. बाजारात बकरी घेताना बघतात तसं त्याने मावशीचा दंड दाबला आणि म्हणाला, "ही घे. ही एकटीच दोन पोती आहे."

काट्यावरचा हसला. ड्रायव्हर हसला. मावशीही हसली. लुगड्याचा काष्टा सावरत ती चाकावर पाय देऊन वर चढली आणि ओल्या कचऱ्यावर जाऊन बसली. वर आधीच चौघी बसल्या होत्या. माल तरी कमीच दिसला, मग माझ्याकडे बोट झालं. मीही चढले. मुकादमाने वरून ताडपत्री ओढली आणि बाहेरून सांगितलं, "हलू नका. खोकू नका."

आतमध्ये मासळीचं पाणी होतं, हॉटेलातला आंबलेला भात होता, कुणाच्या तरी पोराची लंगोटी होती. त्यात आम्ही सहाजणी. गाडी काट्यावर चढली, थांबली, बाहेर कोणीतरी आकडा ओरडला. आमचं वजन झालं. कचरा म्हणून झालं.

त्या दिवसापर्यंत मला वाटत होतं, आम्हाला गाडीत बसवतात ती आमची सोय आहे. खरंच वाटत होतं. सकाळपासून झाडून झाडून कंबर मोडलेली असायची, वर काट्यापर्यंतची तंगडतोड. मुकादम गाडीत बसा म्हणायचा. आम्ही खूश व्हायचो. ताडपत्री लावतात ती ऊन लागू नये म्हणून, असंही वाटायचं. एका दिवाळीला मी त्याला घरचे लाडू नेऊन दिले होते, आम्हाला चालायला लावत नाही म्हणून.

झालं होतं असं. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, तिन्ही शहरं एकमेकांना चिकटलेली. त्यांतल्या एका पालिकेत आम्ही ठेकेदाराकडे झाडूवाल्या होतो. कोणत्या पालिकेत ते सांगत नाही. तेव्हा तिन्हींकडचा कचरा सारखाच कुजत होता. आधी ठेकेदाराला खेपेवर पैसे मिळायचे. गाड्या अर्ध्या रिकाम्या धावतात म्हणून लोकांनी बोंब मारली. मग सभेत ठराव झाला, यापुढे पैसे वजनावर. नगरसेवकांनी बाकं वाजवली. ठराव वाईट नव्हता, मी आजही म्हणते. पण ठेकेदार आरोग्य समितीच्या सभापतींचा मेहुणा. त्याने कचरा वाढवला नाही, वजन वाढवलं. पाडलेल्या भिंतींचं राबिट भरलं, गटारातला गाळ भरला, वरून पाणी मारलं. तेही कमी पडलं की आम्ही. लोक घरपट्टी भरायचे, त्यात आम्हीही मोजलेल्या असायचो.

काट्याच्या भिंतीवर लाल रंगात लिहिलं होतं: "वजनाच्या वेळी वाहनात चालकाशिवाय कोणीही नसावे." मी नववीपर्यंत शिकलेली. रोज वाचायचे. अर्थ त्या दिवशी लागला.

आम्ही पालेगावच्या बाजूला बौद्धवस्तीत राहायचो. मी आणि वडील. नवरा कधीच सोडून गेला होता. माझ्या आजोबांनी धम्म घेतला त्या दिवशी गावातली मेलेली ढोरं ओढणं सोडलं. पाटलाने त्यासाठी त्यांचं घर जाळलं. ते रातोरात अंबरनाथला आले, कारखान्यात लागले, पण ढोराला परत हात लावला नाही. वडील ही गोष्ट शंभरदा सांगायचे. आणि त्या आजोबांची नात कचऱ्यात पडून, श्वास धरून, स्वतःला माल म्हणून मोजून घेत होती. त्या दिवशी घरी आले तेव्हा वडिलांसमोर जेवायला बसले नाही. मोरीत अंग घासत राहिले.

मावशीला म्हटलं, "आपण उद्यापासून चढायचं नाही."

मावशी वांगणीहून यायची. विधवा, दम्याची. कामावर लागले त्या दिवशी माझ्या तळहाताला फोड आले, तेव्हा तिने स्वतःच्या लुगड्याची चिंधी फाडून बांधली होती. तेव्हापासून ती माझी मावशी. ती म्हणाली, "वजन त्यांचं, पगार आपला. आपलं काय जातं गं?"

दुसऱ्या दिवशी मी मुकादमाला सांगितलं, "मी चालत येते."

त्याने सगळ्यांसमोर माझ्या थोबाडीत मारली. कानात शिट्टी वाजत राहिली. म्हणाला, "काट्यापर्यंत चालत येशील, तर घरापर्यंतपण चालतच जा. उद्यापासून तोंड दाखवू नकोस. तुझ्यासारख्या छप्पन मिळतात."

मी गाडीत चढले. भाकरीसाठी चढले. पण त्या दिवसापासून मी पंजा खाली ठेवून चढत नव्हते, सोबत घेऊन चढत होते. का, ते मलाही माहीत नव्हतं.

मग पालिकेने नवा काटा बसवला. विजेवर चालणारा. भिंतीएवढ्या पाटीवर लाल दिव्यांचे आकडे, रस्त्यावरच्या माणसालाही दिसतील असे. उद्घाटनाला मांडव घातला, खुर्च्या टाकल्या, हार-नारळ आणले. मे महिना होता. पहिल्या गाडीचा आकडा मोठा दिसला पाहिजे म्हणून मुकादमाने आम्हा सगळ्या बायकांना एकाच गाडीत कोंबलं. रोज ताडपत्री नुसती ओढायचे. त्या दिवशी पाहुणे होते, म्हणून चारी बाजूंनी दोरीने आवळून बांधली.

गाडी मांडवाशेजारी उन्हात उभी केली. भाषणं सुरू झाली.

आत हवा नव्हती. खालून कचरा तापत होता, वरून ताडपत्री. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. कोणीतरी ओकलं. मावशी माझ्याशेजारी होती. तिची छाती वाजायला लागली. मी पदराने तिला वारा घातला. तो वारा नव्हता, वास होता नुसता.

"पाणी," मावशी म्हणाली. मग म्हणाली, "उघड गं. उघड."

मी ओरडले, "उघडा! मावशीला दम लागलाय!"

बाहेरून मुकादमाने ताडपत्रीवर लोखंडी सळई हाणली. एक पोत्यावर बसली. दुसरी माझ्या कपाळावर. कुठे डोकं आणि कुठे पोतं ते त्याला दिसत नव्हतं. बघायचंही नव्हतं. दात खाऊन बोलला, "गप ए! साहेब बोलतायत."

साहेब बोलतच होते. लाउडस्पीकर आमच्या डोक्यावरच लावला होता. सभापतींचा एकेक शब्द मला आत ऐकू येत होता. "नागरिकांना त्यांच्या पैशाचा चोख मोबदला मिळालाच पाहिजे. या काट्यावर आता कोणालाही लबाडी करता येणार नाही."

माझं रक्त डोळ्यात उतरलं होतं. मी मावशीचा हात धरून ठेवला. तिची नखं माझ्या मनगटात रुतली होती. मी परत ओरडले. परत सळई. बाकीच्या बायका माझं तोंड दाबायला लागल्या. "मार खाशील गं, आम्हालापण खायला लावशील."

नारळ फुटला. गाडी हलली. काट्यावर चढली. थांबली. बाहेर टाळ्या वाजल्या, आकडा मोठा आला होता. त्या टाळ्या चालू असताना मावशीची नखं माझ्या मनगटातून सुटली.

मी तिला हलवलं. हाक मारली. गालावर मारलं. काही नाही. तोंड उघडं, डोळे उघडे, गालाला भाताची शितं.

मग मला भीती वाटली नाही. नंतर कधीच वाटली नाही. मी पंजा उचलला आणि ताडपत्रीत घुसवला. ओढला. परत घुसवला. ताडपत्री टर्रकन फाटली आणि मी कचऱ्याच्या ढिगावर उभी राहिले. सगळ्या मांडवासमोर. रक्ताने तोंड भरलेली, अंगभर घाण, हातात पंजा.

"बाई मेली," मी ओरडले. "गाडीत बाई मेली! तिचंपण वजन केलंत तुम्ही!"

टाळ्या थांबल्या. पुढच्या खुर्च्यांवरच्या बायकांनी नाकाला रुमाल लावले. सभापती गाडीपासून हाताच्या अंतरावर उभे होते, गळ्यात हार. त्यांनी वर बघितलं. माझ्याकडे, माझ्या पायांजवळ पडलेल्या मावशीकडे. मग मुकादमाकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "ताडपत्री नीट बांधता येत नाही का रे तुला?"

एवढंच म्हणाले. मी माझ्या कानांनी ऐकलं.

मी उडी मारली. मुकादम मध्ये आला. पंजा त्याच्या खांद्यात बसला आणि दात आत गेले. तो गुरासारखा ओरडला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, खूप बरं वाटलं. मग ठेकेदाराची माणसं माझ्यावर पडली. पोटात लाथा, पाठीवर सळया, केस धरून जमिनीवर डोकं. एक दात तिथेच राहिला. मारणारा म्हणत होता, "साली, प्रोग्राम खराब किया."

गाडी काट्यावरून काढायची घाई झाली. तेवढ्यात बायकांनी मावशीला खाली ओढून घेतलं आणि काट्याच्या लोखंडी पत्र्यावर निजवलं. गाडी निघून गेली. मी रांगत रांगत तिच्याजवळ गेले. तिचं डोकं मांडीवर घेतलं.

काट्यावर आता फक्त आम्ही दोघी होतो. भिंतीवरच्या पाटीवर लाल आकडा लागला, एका मेलेल्या आणि एका जिवंत बाईचा. तिथल्या प्रत्येकाने तो बघितला. रस्त्यावरच्या लोकांनीपण बघितला. मग कोणीतरी बटण बंद केलं.

चौकीत हवालदार म्हणाला, "गाडीत कशी असेल? गाडीत ड्रायव्हरशिवाय कोणी बसतच नाही. तसा नियमच आहे. भिंतीवर लिहिलंय."

मी म्हटलं, "ती माझ्याशेजारी होती."

"म्हणजे तूपण गाडीत नव्हतीस," हवालदार म्हणाला.

त्यांचं ठरलं होतं. शेवंता झाडता झाडता रस्त्यात चक्कर येऊन पडली. एकेका बाईला आत बोलावलं. ज्या माझ्या मांडीला मांडी लावून ताडपत्रीखाली बसल्या होत्या, त्या खाली बघून म्हणाल्या, "रस्त्यात." त्यांचा राग आला. आजही येतो. त्यांची पोरं दिसली की जातो, परत येतो. मावशी गाडीत मेली असं कुठेच राहिलं नाही. गुन्हा एकच दाखल झाला, माझ्यावर. मुकादमावर हल्ला केला म्हणून.

जामिनावर सुटले त्या आठवड्यात मुकादम घरी आला. खांद्याला पट्टी. वडील दारात बसले होते, त्यांना ओलांडून आत आला. म्हणाला, "हे बघ, शेठचा निरोप आहे. केस मागे घेतो. तुला पालिकेत पर्मनंट लावतो. फक्त एवढं म्हण, मावशी रस्त्यात पडली. सगळ्याजणी तेच म्हणतात. तुझ्या एकटीच्या बोलण्याने ती परत येणार आहे का?"

पर्मनंट. आमच्या वस्तीत या शब्दासाठी माणसं देवाला विसरतील. मी वडिलांकडे बघितलं.

वडिलांनी विचारलं, "ती गाडीत होती का?"

"होती."

"मग?" वडील म्हणाले आणि तोंड फिरवून रस्त्याकडे बघत बसले.

मी मुकादमाला म्हटलं, "ती गाडीत होती. निघ."

त्याने माझे केस धरले. डोकं भिंतीवर आपटायला गेला. मी त्याचा हात तोंडात घेतला आणि दात मिटले. एक दात कमी होता, तरी हाड लागलं. तो किंचाळला, मारत राहिला. मी सोडलं नाही. वस्ती गोळा होईपर्यंत सोडलं नाही. तो गेल्यावर मी त्याचं रक्त ओट्यावर थुंकले आणि भाकऱ्या थापायला बसले.

त्यानंतर मला झाडूचं काम कोणी दिलं नाही. लोकांची धुणीभांडी केली. शहाडला एका कारखान्यात पॅकिंग केलं. केसच्या तारखा केल्या. सभापती बदलले, ठेकेदार बदलले. काटा तिथेच आहे. जाता-येता गाड्यांवरच्या ताडपत्र्या बघते. एखादी ताडपत्री खालून हलली की माझे हात शिवशिवतात.

पालिकेच्या सभेला लोकांसाठी वर एक सज्जा असतो. मी तिथे जाऊन बसते. कचऱ्याचा विषय निघाला की उठते आणि ओरडते, "शेवंता गाडीत होती!" खालचे वर बघतात. कोणी हसतो. सुरक्षावाले मला काखेत धरून पायऱ्यांवरून खाली ओढत नेतात. एकदा माझा हात मोडला. हात जुळल्यावर परत गेले.

मला आता पैसे नकोत, पर्मनंट नको. माफी तर मुळीच नको, मी ती देणारही नाही. त्या सभागृहात, ज्या बाकांवरून त्यांनी तो ठराव केला त्याच बाकांवरून, त्यांच्यातल्या एकाने उभं राहून म्हणायचं आहे, ती गाडीत होती. तोवर मला बाहेर टाकत राहा. मी परत येईन. आणि एखाद्या गाडीची ताडपत्री खालून हललेली दिसली, तर पोलिसाला बोलावणार नाही, साहेबाला विचारणार नाही. पंजा मी टाकलेला नाही. दाराच्या मागे उभा आहे.