लाल दोऱ्याचं कॅरेट

अकोल्याच्या कॉलेजात मी वीस वर्षं संख्याशास्त्र शिकवते आहे. तरी आयुष्यातला सर्वांत चुकीचा निकाल मी वरूडला, दादाच्या संत्र्यांच्या शेडमध्ये, हातात चहाचा कप धरून दिला.

शेडमध्ये संत्री निवडणारी प्रत्येक बाई आपण भरलेल्या कॅरेटला स्वतःच्या रंगाचा दोरा बांधते. त्या दिवशी व्यापाऱ्यानं मोबाइलवर फोटो पाठवला. एका कॅरेटात पाच नासकी संत्री, आणि कडीला लाल दोरा. लाल दोरेवाली समोरच उभी होती. तिचं घर तिच्या एकटीच्या कमाईवर चालायचं.

"दादा, वरून चांगला दिसते, आतून नासते. मले कसं समजन?" ती म्हणाली.

दादा माझ्याकडे वळला. "तू तं कालेजात हेच शिकवते. सांग, दोनाच्या जागी पाच निघतेत का कधी?"

कॅरेटमागे सरासरी दोन नासकी जातातच, हे शेडमध्ये सगळ्यांनाच ठाऊक. "पाच म्हणजे दुर्लक्षच," मी म्हणाले. उचलली जीभ, लावली टाळ्याला. दुसऱ्या दिवसापासून तिचं काम बंद झालं.

पुढच्या आठवड्यात वर्गात पॉयसाँचं वितरण शिकवायला घेतलं. घटना क्वचित घडणाऱ्या आणि एकमेकींवर अवलंबून नसलेल्या असल्या, की नुसत्या सरासरीवरून किती वेळा किती घडतील हे काढता येतं. उदाहरणाला मी सवयीनं संत्रीच घेतली. सरासरी दोन. शून्यापासून चारपर्यंत नासकी निघण्याच्या शक्यता फळ्यावर मांडल्या, त्यांची बेरीज एकातून वजा केली. पाच किंवा जास्त नासकी: शंभरात सुमारे पाच कॅरेटं. कोणाचीही चूक नसताना! आणि ती तर दिवसाला तीस-चाळीस भरायची. पोरांसमोर उभ्या उभ्या मला स्वतःची लाज वाटली.

संध्याकाळी दादाला फोन करून हा हिशेब सांगितला आणि विचारलं, "व्यापाऱ्यानं बाकीच्या बायांची कॅरेटं उघडून मोजली का?"

"नाई," दादा म्हणाला. "तूच बोलावून आण तिले."

रविवारी मी आकडेमोडीचा कागद घेऊन तिच्या दारात गेले आणि सगळं समजावून सांगितलं. भांडी घासता घासता तिनं ऐकून घेतलं. हात धुतले, कामावर यायला हो म्हणाली.

"पण ताई," ती म्हणाली, "हे तं मी त्याच दिवशी सांगतलं होतं. माह्याजवळ कागद नोता, म्हणून तुमी चाय पीतच राहिल्या."