उतरलेली माळ

लेकीची कावीळ उतरली, असं मीच सगळ्यांना सांगितलं होतं. त्यामागचं एक खोटं इतकी वर्षं पोटात ठेवलं.

लेक दीड महिन्याची, डोळे हळदीसारखे. बायको तापाने अंथरुणात, म्हणून दुपटी मीच धुवायचो. आमच्या सालवड गावातल्या शेजारणीने काविळीची माळ आणून दिली. डोक्यावर ठेवलेली काड्यांची माळ सैल होत पोटापर्यंत आली की कावीळ उतरली, असं आमच्याकडे मानतात. मी केळव्याच्या देवीला नवस बोललो, आणि माळ उतरली. शी मात्र रोज चुन्यासारखी पांढरी. मी बोललो नाही. बोललो तर देवीने दिलेलं परत जाईल, अशी भीती वाटली.

बायकोचा ताप गेला, तसे नारळ घेऊन नवस फेडायला केळव्याला निघालो. टमटममध्ये समोर सुक्या बोंबलांची पाटी घेऊन एक कोळीण बसली होती. बायको दुपटं बदलत असताना कोळणीने वाकून पाहिलं.

"ही शी अशी कवापासून गो बाय?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. "आजच," मी म्हणालो.

"माज्या नातवाची अशीच व्हती. कावीळ उतरली नाय, आत कोंडली हाय. आमाला उशिरा कळलं." मग माझ्यावर डाफरली, "नारळ काय बघतोस? तो मी ठेवते देवीम्होरं. देवी पळून जाते काय? डागदर गाठ!"

तसेच डॉक्टरकडे गेलो. लेकीची पित्तनलिका बंद होती. मुंबईत ऑपरेशन झालं, पण थोडं उशिराच. डॉक्टर म्हणाले, एखाद्या विषाणूमुळेही होत असावं, नक्की कुणालाच ठाऊक नाही. बायकोने तेवढाच शब्द धरला, 'माझ्या तापानेच' म्हणत राहिली. मी म्हणू दिलं.

काही दिवसांनी दुपट्यावर पिवळी शी दिसली. मी त्या दुपट्याला हात जोडले. एवढं स्पष्ट दर्शन मला देवळातही झालं नव्हतं. लेक पाच वर्षं राहिली, मग गेली. अजून बाजारात तिच्यासारखा हिरवा फ्रॉक दिसला की पाय थांबतात.

त्या कोळणीला कितीदा शोधलं. भेटली नाही. गेल्या मंगळवारी देवीसमोर बायकोला सगळं सांगितलं. शी पांढरी होती, दोन आठवडे, मला दिसत होती.

तिने हातातली पिशवी पायाशी ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे सगळं माझ्या तापानं नव्हतं?"

"नव्हतं गं."

तिने पिशवीतून नारळ काढला, माझ्यापुढे धरला. "तुम्ही ठेवा. तेव्हा तुमच्या हातून राहिला होता."

मी पुढे होऊन नारळ ठेवला. मागितलं काहीच नाही. पाच वर्षं दिलीस आई, एवढंच म्हणालो.