भूकंपरोधक घरातलं वायफाय

लातूरचं आमचं घर अण्णांनी भूकंपानंतर बांधलं. अण्णा म्हणजे माझे वडील, शाळेत भूगोलाचे मास्तर. किल्लारीकडच्या एका गावात त्यांच्या बहिणीचं दगडमातीचं घर होतं. त्या पहाटे ते बसलं आणि आत्या त्याखाली गेली. मी लहान होते. अण्णा तिकडून परत आले ते मातीनं पांढरे होऊन, आणि पुढे कितीतरी दिवस आम्ही अंगणात ताडपत्रीखाली झोपलो, एवढंच मला आठवतं. पुढे प्लॉट घेतला तेव्हा त्यांनी गवंड्याला बजावलं, वीट नको. बाहेरच्याच काय, आतल्या भिंतीही काँक्रीटच्या आणि त्यात सळ्यांची जाळी. गवंडी म्हणाला, "गुरुजी, घर बांधायलाव का धरण?"

"धरणच समज," अण्णा म्हणाले.

त्या धरणात वायफाय शिरेना.

पुण्याच्या कंपनीनं घरूनच काम करा म्हटल्यावर मी लॅपटॉप घेऊन माहेरी आले. तोवर आमची गल्ली शिकवण्यांनी आणि होस्टेलांनी भरून गेली होती. आमच्याही वरच्या मजल्यावर डॉक्टर व्हायला आलेल्या मुली भाड्यानं राहत. राउटर बैठकीत बसवला. माझी खोली त्याच्या मागे, मध्ये फक्त एक भिंत. दार उघडं असलं तर सिग्नलची एक काडी दिसायची, दार ओढलं की तीही जायची.

बैठकीत बसून काम करावं, तर तिथे दिवसभर मुलींचे आईबाप. कुणी हिमायतनगरहून, कुणी इस्लापूरहून लेकीला भेटायला आलेले. त्यांना चहा देऊन आई बसवून ठेवायची. एक गृहस्थ माझ्या खांद्यावरून स्क्रीनमध्ये डोकावून आमच्या मॅनेजरना म्हणाले, "नमस्कार साहेब. पोरगी बायोलॉजीत जरा कच्ची हाय. दुसरी लाईन कोणती बरी?" साहेबांनी त्यांना चांगली दहा मिनिटं सल्ला दिला. माझं प्रेझेंटेशन राहून गेलं.

मग मी राउटर हलवायला घेतला. फ्रिजवर ठेवला, काही नाही. देवघरावर ठेवला तर आई म्हणाली, "देवाच्या डोक्यावर दिवे लुकलुकवू नकोस." सिग्नल वाढवणारं एक यंत्र आणून पॅसेजमध्ये लावलं. सिग्नल वाढला, तो वरच्या मुलींना. पासवर्ड आईनंच दिला होता. "लेकरं अभ्यास करून राहिलीत, न्हाई कसं म्हणू?"

शेवटी वायर टाकली. दारातून नेली तर आई वरणाच्या पातेल्यासकट तिच्यात अडकली. बाहेरून, भिंतीला धरून खिडकीपर्यंत नेली तर वानरांनी दुसऱ्याच दिवशी ओढून आंब्यावर नेली. इंटरनेटवाल्या माणसानं सगळं पाहिलं आणि म्हणाला, "ताई, भिंतीला एक भोक पाडू. बोटाएवढं."

अण्णांनी पेपर खाली ठेवला. "भोक न्हाई पाडायचं."

"काका, बोटाएवढंच हो."

"आज बोटाएवढं. धरणाला काय एकदम भगदाड पडतं का?"

चार दिवस मी जेवणावर रुसून बघितलं, तेव्हा कुठे ते तयार झाले. पण भोक त्यांनी दाखवलेल्या जागी पडणार आणि ते स्वतः भिंतीला हात लावून उभे राहणार, अशी अट.

आता एक सांगायला हवं. भूकंपापासून अण्णा कपाटावर एक पितळी तांब्या पालथा घालून त्यावर दुसरा तांब्या ठेवत. धरणी हलली की वरचा पडणार आणि आपण पळायचं. इतक्या वर्षांत तो एकदाही पडला नव्हता, त्यामुळे तो खाली उतरवून ठेवावा हे कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

ड्रिल सुरू झालं तेव्हा मी दाराच्या पायरीवर मीटिंगमध्ये होते. भिंत थरथरली, कपाट थरथरलं आणि तांब्या खणकन फरशीवर आला. भिंतीवर हात ठेवून उभ्या असलेल्या अण्णांनी एकच आरोळी ठोकली, "पळा! भूकंप!"

इंटरनेटवाला ड्रिल सोडून पळाला. मी लॅपटॉप पोटाशी धरून पळाले. खरं सांगते, मला कारण ठाऊक होतं, तरी पाय आपोआप निघाले. अण्णा गल्लीत जाऊन ओरडले तशा वरच्या मुली पुस्तकं घेऊन उतरल्या, शेजारचं होस्टेल उतरलं, समोरची शिकवणी उतरली. पांढऱ्या कोटातले एक सर हातात खडू घेऊन आले. पाहता पाहता गल्ली भरली. ड्रिल भिंतीत अडकून घरघरतच होतं, आणि अण्णा हात वर करून सगळ्यांना सांगत होते, "ऐका! धरणीच्या पोटातून आवाज येऊन राहिलाय! आत कुणी जायचं न्हाई!"

सगळे श्वास धरून ऐकत होते. पोटाशी धरलेल्या लॅपटॉपातून मॅनेजर म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडे कसला मोर्चा आहे?"

तेवढ्यात आई दारात आली, पदराला हात पुसत. "अहो, ते मशीन चालूच हाय. बंद करू का?"

तिनं मेन स्विच पाडला. धरणी शांत झाली. कुणी हसलं नाही, कारण अण्णांचे हात अजून वरच होते. सरांनी त्यांना पायरीवर बसवलं, एका मुलीनं पाणी दिलं. मीही शेजारी बसले. पाणी पिऊन अण्णा म्हणाले, "सगळे वेळेत बाहेर आले. एकसुद्धा आत राहिला न्हाई," आणि डोळे पुसले.

आत जाऊन पाहिलं तर ड्रिलचं टोक सळईवर आपटून तुटलं होतं. भोक निम्म्यातच थांबलं होतं. अण्णांनी त्यात बोट घालून पाहिलं आणि पुष्कळ दिवसांनी त्यांचा चेहरा फुलला.

मी गल्लीच्या टोकाच्या अभ्यासिकेत जागा घेतली. तिथे वायफाय जोरदार, पण बोलायला बंदी. मालकांनी मला न्याहाळून विचारलं, "कितवा अटेम्प्ट?" मी नोकरी करते म्हटल्यावर ते हळू आवाजात म्हणाले, "हाव हाव. सगळे आधी असंच सांगतात."

मीटिंगमध्ये मी नुसती मान डोलवायची आणि लागलं तर टाइप करायची. वर्षाच्या शेवटी साहेबांनी माझ्याबद्दल लिहिलं की बाईंमध्ये चांगली परिपक्वता आली आहे. शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीनं तर आपल्या केमिस्ट्रीच्या नोट्स माझ्यासाठी झेरॉक्स करून आणल्या. "नका काळजी करू ताई. आमच्या क्लासमध्ये तुमच्याहून मोठे पण हायेत."

मी त्या घेतल्या. तिचा निकाल लागला तेव्हा ती पेढे घेऊन आली आणि माझ्या स्क्रीनकडे बघत कुजबुजली, "तुमचा कधी लागतो?"

बोलायला बंदी होती. मी पेढा तोंडात टाकला आणि मान डोलावली.