उजेडाची पेज

माझ्या नवऱ्याने महिनाभर खपून घरातल्या काचेच्या टाकीतल्या जिवंत प्रवाळांसाठी एलईडी दिवा बनवला आणि हौसेने पहिल्याच दिवशी पूर्ण तेजावर लावला. संध्याकाळपर्यंत प्रवाळं अंग चोरून मिटून गेली.

त्याचा चेहराच उतरला. "आई, ही उजेडावर जगतात गं. यांच्या अंगातलं शेवाळ उजेडात यांचं अन्न शिजवतं. जुना दिवा पुरत नव्हता, म्हणून तर हा केला."

सासूबाई म्हणाल्या, "मग उपाशी माणसाला कुणी एकदम पंगतीला बसवतं का? आधी पेज दे."

त्याने उजेड अगदी मंद, नुसता निळा ठेवला आणि रोज थोडा थोडा वाढवत नेला.

आज दिवेलागणीला पाहते तर प्रवाळं फुललेली, आतून पेटल्यासारखी हिरवीगार! समुद्रात खाली जाताना बाकीचे रंग वाटेतच विरतात, निळा तेवढा पोचतो. त्या उरल्यासुरल्यावर या एवढ्याशा जिवांनी बेटं उभी केली. मी आजवर दिवा लावला तो दिसावं म्हणून. इथे कुणीतरी तो जेवत होतं.

दिवा लागला की सासूबाई हात जोडतात, अगदी ट्यूबलाइटलासुद्धा. आजही जोडले, पण दिव्याकडे पाहिलंच नाही. प्रवाळांकडे बघत हळूच म्हणाल्या, "सावकाश होऊ द्या."