रिकाम्या बशीतले ठोके

मंडळी, आज माझी झकास फजिती झाली. बीडच्या कॉलेजात मी माशाच्या अंड्यातल्या पिल्लांचे व्हिडिओ काढते आणि कॉम्प्युटर त्यावरून हृदयाचे ठोके मोजतो.

आज घाईत नुसत्या पाण्याची बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तरी ठोके आले. मिनिटाला एकशे वीस.

खडखडणारा कूलर दुरुस्त करायला आलेल्या सलीमचाचांनी तो बंद केला. ठोके शून्य.

"मॅडम, कूलरनं टेबल हालतंय. तुमी त्याचीच नाडी बघायलाव."

माझे आठ दिवसांचे आकडे गेले पाण्यात.

चाचांनी कूलरखाली टायरच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घातले. मग मी खरं अंडं ठेवलं. पडद्यावर हृदय धडधडताना चाचा बराच वेळ बघत राहिले.

"याला तर वायरबी न्हाई," ते म्हणाले. "चालू कुणी केलं?"

मंडळी, तुम्हाला उत्तर सुचतंय का?