दुर्लक्ष, डावीकडचं

“याला निग्लेक्ट म्हणतात,” डॉक्टर म्हणाले. “म्हणजे दुर्लक्ष.”

आई ताडकन उभी राहिली. “आम्ही काहीच दुर्लक्ष नाही केलं जी. तोंड वाकडं झालं, तसंच घेऊन आलो. विचारा या पोरीले.”

डॉक्टर गोंधळले. मग खुर्ची ओढून बसले आणि नीट सांगू लागले. दुर्लक्ष आम्ही केलं नव्हतं, बाबांच्या मेंदूने केलं होतं. त्यांना इस्केमिक स्ट्रोक झाला होता. रक्ताची गुठळी अडकून मेंदूच्या उजव्या भागाचा रक्तपुरवठा तुटला होता. त्यामुळे डावा हात लुळा पडला. आणि लेफ्ट निग्लेक्ट, म्हणजे डोळे शाबूत असूनही मेंदू डावीकडची दखलच घेत नाही.

“त्याहून कठीण हे,” डॉक्टर म्हणाले, “की आपल्याला काही दिसत नाही, हे त्यांना ठाऊकच नाही. ते पटल्याशिवाय ते डावीकडे शोधणार नाहीत. आणि शोधल्याशिवाय सुधारणा होणार नाही.”

हा शब्द दवाखान्यात कानावर पडून ज्यांना आरोप वाटेल, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. रोग्याच्या माणसांना त्यांच्या भाषेत समजावणं हा उपकार नाही. तो आपला हक्क आहे. कळलं नाही तर पुन्हा विचारा. तोंड वाकडं करतील. तरी विचारा.

मी पत्रकांच्या घरात वाढले. बाबा गांधीबागेतल्या छापखान्यात जुळारी होते. शिशाचा एकेक खिळा, म्हणजे एकेक अक्षर, उचलून ओळ जुळवायची, हे त्यांचं काम. दिवसभर लग्नपत्रिका, त्यानंतर कामगारांची आणि वस्तीची पत्रकं. ऑफसेट आल्यावर खिळे भंगारात गेले आणि बाबा मुद्रितं, म्हणजे प्रुफं, तपासू लागले. माझं पहिलं पत्रक त्यांनीच तपासलं, पुढची सगळीही. प्रशासनाचं दुर्लक्ष, पालिकेचं दुर्लक्ष. माझ्या एकाही पत्रकात हा शब्द चुकला नसेल. बाबा त्याला हात लावत नसत.

आता त्यांच्यापुढे पत्रक धरलं, की ते प्रत्येक ओळीचा उजवा अर्धा भागच वाचत. “वाक्यं अर्धवट काहून लिहितं वं तू?” मला विचारत. डावी बाजू परत आली नाही, तर ते पुन्हा मुद्रित तपासू शकणार नव्हते. एकट्याने रस्ता ओलांडणं तर सोडाच.

एमआरआय झाला. यात चुंबकाच्या नळीत झोपवून मेंदूची चित्रं काढतात. आवाज मोठा असतो, रोग्याला आधी सांगून ठेवा. नंतर वाट पाहणं. रुग्णालयाच्या बाकांवर माणसं एकमेकांचे रिपोर्ट वाचत बसतात, कळत नसले तरी. मीही वाचले.

घरी आल्यावर बाबांनी दाढी केली ती उजव्या गालाची. जेवताना भांडण ठरलेलं. “चटणी काहून नाही वाढली?” आई चटणी वाढायची ती ताटात डावीकडे, तिच्या आईने शिकवलं तशी. “समोर तर आहे,” ती म्हणायची. “नाही,” बाबा म्हणायचे. तिला वाटे, हे मुद्दाम छळतात. शेवटी ती स्वतःच त्यांच्या उजवीकडे बसायला लागली. निदान आपण तरी दिसू.

प्रताप नगरात ऑक्युपेशनल थेरपी सुरू केली. रोजची कामं स्वतः करता यावीत म्हणून हे व्यायाम असतात. तिथल्या मॅडमनी पहिल्याच दिवशी आईला उठवलं. “काकू, यांच्या डावीकडे बसा. सगळं डावीकडून करा. पाणी द्या, बोला, भांडा.”

“दिसणार नाही त्याईले.”

“म्हणूनच.”

मॅडमनी बाबांना विचारलं, “काका, डावी बाजू कशी आहे?”

“मी जनमभर डाव्याच बाजूचा आहो,” बाबा म्हणाले. त्यांनी विनोद केला असं आम्हाला वाटलं. ते गंभीर होते.

मॅडमनी एक खोका घरी दिला. चित्राचे तुकडे जुळवण्याचा खेळ. चित्र जपानी, जुन्या पद्धतीचं, लाकडी ठशांनी छापलेलं. बर्फात बुडालेला पूल आणि त्यावरून जाणारी माणसं. मी चिडले. ज्याने आयुष्यभर माणसांच्या हक्कांच्या ओळी जुळवल्या, त्याला हा परदेशी बर्फ? “खेळ नको, काम द्या,” मी म्हटलं. मॅडम म्हणाल्या, “हेच काम आहे.”

बाबांनी खोक्यावर बोट फिरवलं. “दर रंगाले वेगळा ठसा असन. पाहा, कुठी सरकला नाही.” ते कामाला लागले. मी लाकडी पाट पलंगावर ठेवून त्यावर तुकडे मांडून बसायची. उजवीकडे पूल तयार झाला, गवती टोपीवाला एक माणूस तयार झाला. मग बाबांनी हात झटकला. “झालं.”

डावी अर्धी बाजू कोरी होती. उरलेले तुकडे खोक्यात होते. मी दाखवले, खोक्यावरचं चित्र दाखवलं. “झालं म्हणलं ना.” रोज हेच. मॅडमनी पाटाच्या डाव्या कडेला लाल पट्टी लावायला सांगितली होती, नजर तिथवर न्यायची म्हणून. बाबांच्या लेखी पट्टीही नव्हती.

एके दुपारी आईने पलंगावरची चादर बदलली. पाट उचलला आणि परत ठेवताना उलटा ठेवला. पुलाचा बर्फ वर की खाली, तिला काय त्याचं.

बाबा जागे झाले आणि ओरडले. “कोनं उधळलं हे? जुळवून ठेवलं होतं मी!”

“मी काहून उधळू? मले दुसरे कामं नाहीत?”

“मंग कुठी गेलं?”

मला आधी कळेना. मग कळलं. पाट फिरल्यामुळे भरलेली बाजू त्यांच्या डावीकडे गेली होती. ती त्यांच्यासाठी नव्हतीच. त्यांच्यापुढे फक्त रिकामा पाट होता.

मी पाट सरळ केला. “आहे की,” बाबा म्हणाले. पुन्हा फिरवला. गेलं. आणखी एकदा. आहे. मग पाट परत उलटा ठेवून मी त्यांचा उजवा हात धरून डाव्या कडेपर्यंत नेला, आणि बोटांना तुकड्यांचे सांधे लागले.

ते सांध्यांवरून बोट पुढेमागे फिरवत राहिले. माणसाच्या सांगण्यावर त्यांनी कधी विश्वास ठेवला नाही, छापून आलेल्या मुद्रितावर ठेवला. हे मुद्रित होतं.

“म्हणजे चूक माही होती,” ते म्हणाले. “राहू दे उलटंच. खिळे कुठी सरळ असतात?”

जुळाऱ्याची ओळ उलटीच जुळते. तिथे डोकं खाली असलेलं अक्षर वाचण्यात त्यांची उमर गेली होती. पुढच्या दिवसांत त्यांनी उरलेलं चित्र तसंच, उलटं जुळवलं. पाट सरळ केल्यावर दिसलं, की टोपीवाल्याच्या मागून छत्री घेतलेली एक बाई चालत होती.

मॅडम म्हणाल्या, ही युक्ती आहे, इलाज नाही. ताटही फिरवून पाहा, पण मान वळवण्याचा सराव सोडू नका. तेच तुम्हालाही सांगते. रोग्याशी वाद घालू नका. त्याला त्याचं त्यालाच दिसेल असं काहीतरी शोधा. आमच्याकडे ते चुकून सापडलं.

बाबा अजून मुद्रितात चुका सोडतात. प्रत्येक ओळ सुरू करण्याआधी कागदाच्या डाव्या कडेला लावलेल्या लाल पट्टीला बोट लावतात. मी अजूनही पत्रकात दुर्लक्ष लिहिते. पण आधी थांबते. मेंदूची नस बंद झालेल्या माणसाला दिसत नाही, त्याला माफी आहे. ज्यांच्या नसा शाबूत आहेत, त्यांच्यासाठी मी आता दुसरा शब्द शोधते आहे. दुर्लक्ष फार सौम्य आहे.

परवा जेवताना बाबांनी ताटाच्या काठावरून बोट डावीकडे सरकवलं. चटणी सापडली. बोट थांबलं, पण मान थांबली नाही. ती आणखी वळली. तिथे आई बसली होती.

“तू इथं कवापासून बसली आहे वं?”

“लग्न झालं तवापासून,” आई म्हणाली. “जेवा आता.”